सत्तावीस लिटर पाण्याची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: नौकेसाठी घेतलेल्या ३०० लिटरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीची सदोष रचना आणि सोबतच्या पुस्तिकेतील धोकादायक सूचना

महोदय,

आपल्या कंपनीची ३०० लिटरची पॉलिथिलीनची टाकी, तिच्यासोबतचा नळी-जोडणीचा संच आणि स्वच्छता पुस्तिका या तिन्हींबद्दल ही तक्रार आहे. टाकी गंगापूर धरणाच्या जलाशयातील एका केबिनच्या नौकेत बसवली आहे. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक नळाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. आपल्या प्रतिनिधीने फोनवर दोन उत्तरे दिली: धरणाचे पाणीच तसे असते, आणि ब्लीचचे एक झाकण जास्त टाका. दोन्ही उत्तरे चुकीची का आहेत ते मोजमापांसह लिहितो आहोत.

सगळ्यात आधी पुस्तिकेचे पान ६, कारण ते थांबू शकत नाही. त्यावर छापले आहे की वास हट्टी असेल तर ब्लीचसोबत अर्धा लिटर व्हिनेगर त्याच पाण्यात ओतावे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणजे नौकेच्या केबिनमध्ये तो खाली, जिथे माणूस वाकून टाकीच्या झाकणाशी काम करत असतो तिथेच साचणार. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल क्षारांचा पांढरा थर काढायला वापरतात, हे खरे. पण वेगळ्या वेळी, आधीचे पाणी पूर्ण काढून आणि टाकी दोनदा खळखळून धुतल्यावर. हे पान आजच मागे घ्या आणि ज्यांना ज्यांना टाकी विकली त्यांना तसे कळवा. बाकीची तक्रार नंतर वाचली तरी चालेल.

आता धरणाच्या पाण्याचा मुद्दा. ही टाकी जलाशयातून भरतच नाही. नाशिक शहरातून महापालिकेच्या नळाचे पाणी वीस लिटरच्या पंधरा कॅनमध्ये येते आणि तेच ओतले जाते. (ते मुळात याच धरणाचे असते, पण शुद्धीकरण केंद्रातून गेलेले.) ओतताना ओटी चाचणी (पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून शिल्लक क्लोरिन पाहणे) घेतली तर पाणी पिवळे होते, म्हणजे त्यात क्लोरिन शिल्लक आहे. तिसऱ्या दिवशी नौकेतल्या नळाच्या पाण्याची ओटी शून्य येते. त्याच दिवशी भरलेला एक कॅन बाजूला झाकून ठेवला होता. सात दिवसांनीही त्याला वास नव्हता. पाणी एकच, फरक टाकीचा. नौकेत गीझर नाही, त्यामुळे गीझरमधल्या मॅग्नेशियमच्या कांडीने गरम पाण्याला जो असाच वास येतो, तोही प्रश्न इथे नाही. वास एखाद्याच नळाला असता तर त्या फाट्याची नळी किंवा तोटीची जाळी तपासली असती. सगळ्याच नळांना येतो, म्हणून टाकीत शिरावे लागले.

आणि टाकीत काय सापडले, तर पाणी. रिकाम्या टाकीत.

हिशोब सोपा आहे. टाकीचा तळ १.२ मीटर बाय ०.५ मीटर, म्हणजे ०.६ चौरस मीटर. सक्शन पाइपचे, म्हणजे पंप ज्यातून पाणी ओढतो त्या नळीचे, तोंड तळापासून ४५ मिलिमीटर वर थांबते. गुणाकार केला की २७ लिटर येतात. पंप हवा ओढू लागला, नळ फुसफुसू लागले, गेजचा काटा शून्यावर टेकला तरी आत सव्वा कॅनहून जास्त पाणी तसेच असते. निचऱ्याचे बूच तरी तळाला असेल म्हणावे, तर तेही बाजूच्या भिंतीवर, भोकाचा खालचा काठ तळापासून ३० मिलिमीटरवर. म्हणजे बूच उघडून पूर्ण रिकामी केलेल्या टाकीत १८ लिटर उरतात. नवे पाणी दर वेळी या जुन्या पाण्यावर पडते. दुधाच्या पातेल्यात कालचे विरजण ठेवून वर ताजे दूध ओतावे, तसला प्रकार.

सक्शनचे तोंड तळाला टेकवायचे नसते हे आम्हाला ठाऊक आहे. टेकवले तर गाळ थेट पंपाच्या जाळीत जातो. पण त्यासाठी २० ते २५ मिलिमीटर पुरतात, आणि तेही खाली निचऱ्याचा खळगा असेल तरच. या टाकीत खळगा नाही. हातपंपाने ते १८ लिटर ओढून काढले तेव्हा शेवटचे पाणी करडे-काळे, बुळबुळीत आणि वासाने असह्य होते. नौका शनिवार-रविवारीच चालते, मधले पाच दिवस पाणी हलत नाही, एप्रिल-मेमध्ये बंद केबिन तापते. अशा वेळी तळाच्या गाळातला ऑक्सिजन संपतो आणि पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. वरून पडणारे क्लोरिन हा गाळच खाऊन टाकतो, म्हणून तिसऱ्या दिवशी ओटी शून्य. आणखी एक झाकण ब्लीच टाकून गाळाला आणखी एक घास मिळतो, इतकेच.

हा गाळ ब्रशने खरवडून काढावा म्हटले तर हात पोचत नाही. टाकीच्या मधोमध बॅफल, म्हणजे आतला आडपडदा आहे. तो काढा असे आमचे म्हणणे अजिबात नाही. तो नसेल तर अर्ध्या भरलेल्या टाकीतले पाणी एका बाजूला धावते आणि नौका कलंडल्यासारखी होते. पण पडदा दिला तर दोन्ही कप्प्यांना झाकण हवे. आपण फक्त पुढच्या कप्प्याला, तेही १०० मिलिमीटर व्यासाचे झाकण दिले आहे. त्यातून हात मनगटाच्या थोडा पुढे जातो आणि तिथेच अडकतो. मागचा कप्पा टाकी बनली त्या दिवसापासून कोणीही पुसलेला नाही आणि कोणी पुसूही शकणार नाही. जिवाणूंचा चिकट थर एकदा धरला की क्लोरिन त्याच्या वरवर फिरते, आतपर्यंत उतरत नाही. आधी घासणे, मग औषध. हा क्रम टाळता येत नाही.

टाकी अर्धपारदर्शक पांढरी आहे आणि बैठकीखालच्या फटीतून तिच्यावर ऊन येते. आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेलगत हिरवा पट्टा आहे, तो शेवाळाचा. घरावरच्या टाक्यासुद्धा काळ्या किंवा अनेक थरांच्या अपारदर्शक मिळतात. संचातली नळीही पारदर्शक, मऊ पीव्हीसीची, बागेला पाणी घालायची. ती मऊ राहावी म्हणून घातलेली द्रव्ये पाण्याला प्लास्टिकची चव देतात आणि जिवाणूंना खाद्यही पुरवतात. पावतीवर मात्र नळीपुढे ‘फूड ग्रेड’ लिहिले आहे. नळीवर तसा कोणताही छाप नाही.

व्हेंटची नळी आतून १० मिलिमीटरची असून तिच्या तोंडाला जाळी नाही. कॅन जरा जोरात ओतला की हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही, पाणी भरण्याच्या तोंडातून उसळते आणि टाकीच्या भिंती फुगतात. जाळी नसल्याने आत चिलटे सापडली. किमान १६ मिलिमीटरची नळी आणि तोंडाला स्टीलची बारीक जाळी, एवढ्यावर हे मिटते.

पुस्तिकेतले प्रमाणही तपासून पाहा. ‘तीनशे लिटरला एक झाकण, अर्धा तास’ असे लिहिले आहे. झाकण १० मिलिलिटरचे, द्रावण ४ टक्क्यांचे. म्हणजे क्लोरिन ०.४ ग्रॅम, लिटरला जेमतेम १.३ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात शिल्लक क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितले आहे, त्या हिशोबात हे झाकण ठीक आहे. पण वास धरलेली टाकी निर्जंतुक करायला लिटरला ५० मिलिग्रॅम लागतात. तीनशे लिटरला १५ ग्रॅम क्लोरिन, म्हणजे ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट ३७५ मिलिलिटर. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ३३ टक्क्यांची आणि ताजी असेल तर सुमारे ४५ ग्रॅम. ती बादलीत कालवून, बसू देऊन फक्त निवळी ओतायची, नाहीतर चुना पंपाच्या जाळीत बसतो. उन्हाळ्यात दुकानात महिनोन्महिने पडलेल्या बाटलीची ताकद निम्म्याहून खाली आलेली असू शकते, म्हणून बाटलीची तारीख पाहणेही सांगायला हवे. सुगंधी ब्लीच नको, हे तर पहिल्याच ओळीत यायला हवे होते.

क्रम असा हवा: टाकी कोरडी करून दोन्ही कप्पे घासा, धुवा. कार्बन फिल्टरचे काडतूस काढून रिकामे घर परत बसवा. कार्बन क्लोरिन शोषून घेतो आणि पुढची नळी तशीच राहते. टाकी औषधाच्या पाण्याने काठोकाठ भरा, व्हेंटमधून थेंब येईपर्यंत, कारण वरचा भाग आणि व्हेंटची नळीही भिजली पाहिजे. मग एकेक नळ, डेकवरचा शॉवरसुद्धा, क्लोरिनचा वास येईतो सोडा आणि बंद करा. चार तास थांबा. टाकी स्टेनलेस स्टीलची असेल तर त्याहून जास्त ठेवू नका, सांध्यांवर खड्डे पडतात. ॲल्युमिनियमच्या टाकीत हे द्रावण घालूच नका. नंतर रिकामी करून दोनदा धुवा आणि फिल्टरचे नवे काडतूस बसवा. जुने तेच बसवले तर सगळी मेहनत त्याच्या आतल्या थराने पुन्हा नासते.

आणि पुस्तिकेतले ‘पाणी बाहेर सोडून द्या’ म्हणजे नेमके कुठे? ज्या जलाशयाचे पाणी नाशिक शहर पिते, त्यात? हे पाणी पिंपात घेऊन किनाऱ्यावर, पाण्यापासून दूर मोकळ्या जमिनीत जिरवावे, एवढे एक वाक्य पुस्तिकेत छापायला काय हरकत होती?

टाकीवरच्या स्टिकरवर ‘देखभालमुक्त’ लिहिले आहे. रिकामी होत नाही, घासता येत नाही, अशी टाकी देखभालमुक्तच म्हणायची. देखभाल करण्याची सोयच नाही.

आमची मागणी अशी आहे. ही टाकी परत घेऊन तळाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात २५ मिलिमीटरचे बूच, दोन्ही कप्प्यांना प्रत्येकी २०० मिलिमीटरचे झाकण आणि रबरी रिंग असलेली अपारदर्शक टाकी द्यावी. ते जमत नसेल तर टाकी आणि बसवणुकीचा खर्च पूर्ण परत करावा. झाकणांसाठी भोके कापून बूच वितळजोडाने बसवण्याचे काम नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात करून घेता येईल, पण तसे केल्यास हमी रद्द होणार नाही असे आपण लेखी दिले तरच. नळी मात्र कोणत्याही परिस्थितीत बदलून हवी, आणि तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा छाप हवा.

उत्तर फोनवर नको, पंधरा दिवसांत लेखी हवे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. तळातून काढलेल्या पाण्याचा नमुना एका लिटरच्या बाटलीत सीलबंद ठेवला आहे. आपल्या तंत्रज्ञाने येऊन उघडावा. शक्यतो मोकळ्या हवेत.

आपले,
नौकेची देखभाल पाहणारे ग्राहक,
नाशिक

सोबत: पावतीची प्रत, पुस्तिकेच्या पान ६ ची प्रत, तळ-सक्शन-बूच यांच्या मोजमापांचा आराखडा, ओटी चाचणीची तारीखवार नोंद, मागच्या कप्प्याचे छायाचित्र (व्हेंटच्या भोकातून आत कॅमेरा सोडून काढलेले, झाकणातून तिथवर पोचता आले नाही).