प्लोवदिवच्या बाबाला आभाराचं पत्र

प्रिय बाबा,

आधी मराठी वाचकांसाठी खुलासा: हे पत्र माझ्या वडिलांना नाही. बल्गेरियन भाषेत आजीला 'बाबा' म्हणतात. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात मेडिकल शिकायला येऊन तुझ्याकडे भाड्याने राहायला लागले त्या रात्री मी आईला फोनवर म्हणाले, "बाबांनी सूप दिलं, मग मी झोपले." सांगलीत एकदम शांतता. "अगं, बाबा तर इथे टीव्हीसमोर बसलेत!"

दुसरा खुलासा तुझ्यासाठी. माझं बल्गेरियन पेशंटला 'कुठे दुखतं, कधीपासून' विचारण्यापुरतं आहे. त्यात आभारासाठी 'ब्लागोदार्या' म्हटलं की मी कुठल्यातरी कचेरीत उभी आहे असं वाटतं, आणि तुम्ही सगळे येता-जाता म्हणता ते 'मेर्सी' बसमध्ये जागा दिल्यावर ठीक. म्हणून मनातलं आधी मराठीत लिहून काढते. एकेरीत लिहिते, कारण पहिल्याच आठवड्यात माझ्या आदरार्थी 'विये'ला वैतागून तूच सांगितलं होतंस, "मी काही डीन नाही, मला 'ती' म्हण." तुमचं 'ती' म्हणजे आमचं 'तू'. आमच्या 'ती'शी त्याचा घोळ व्हायचा तो अजून होतो.

जून २०२४. ॲनाटॉमीची तोंडी परीक्षा, आणि माझ्या नावापुढे २. इथे गुण २ ते ६ असतात आणि २ म्हणजे नापास. खोलीत येऊन मी बॅग पलंगावर उघडी टाकली आणि कपडे भरायला लागले. नीटमध्ये कमी पडले म्हणून इतक्या लांब यायचं, वडिलांनी कर्ज काढायचं, आणि इथेही तेच. तू चेरींची वाटी घेऊन दारात उभी राहिलीस. बॅगेकडे पाहिलंस, पण तिच्याबद्दल काही विचारलं नाहीस. मी शॉर्ट्सवर होते. माझ्या गुडघ्यावरच्या टाक्यांच्या खुणेकडे बोट करून एवढंच म्हणालीस, "हे पळताना झालं की उतरताना?"

उतरताना, बाबा. व्हॉल्टवरून, धावत येऊन हात टेकून मारायच्या त्या जिम्नॅस्टिक्सच्या उडीतून.

त्या खुणेचं कुणी इतकं नेमकं विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. १४ ऑगस्ट २०१६ च्या रात्री घरच्यांनी मला जागू दिलं होतं. दीपा कर्माकर रिओ ऑलिंपिकच्या व्हॉल्टमध्ये प्रोदुनोव्हा ही अवघड उडी मारून चौथी आली, कांस्य फक्त ०.१५ ने हुकलं, आणि दुसऱ्या दिवशी मी जिम्नॅस्टिक्सला जायचा हट्ट धरला. चार वर्षं गेले. मग एका संध्याकाळी लँडिंगला गुडघा आत वळला. मॅट जुनी होती, तिच्या मधोमध खळगा पडला होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. जाऊ दे.

सांगताना मी म्हणाले 'हुदोझेस्त्वेना गिम्नास्तिका'. इंग्रजीत आमच्या खेळाला आर्टिस्टिक म्हणतात, तर शब्दकोशाने हाच शब्द दिला. तुझा चेहरा कडू झाला. तुमच्याकडे हुदोझेस्त्वेना म्हणजे रिबीन, चेंडू आणि हुपवाल्या, आधी प्रशिक्षक नेश्का रोबेवाच्या मुली, आणि आता टोकियोत सांघिक सोनं घेतलेल्या. अख्खा देश ज्यांच्यावर जीव टाकतो त्या. आपला खेळ 'स्पोर्तना'. "इथे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की सगळे रिबीनच बघतात," म्हणालीस, आणि चेरीची बी इतक्या जोरात थुंकलीस की मला तुझी बाजू आपोआप कळली.

मग कळलं की तू कित्येक वर्षं मुलींच्या एका हॉलमध्ये पियानो वाजवायचीस. त्या काळी फ्लोअरला, म्हणजे जमिनीवर संगीताच्या साथीने करायच्या कसरतींना, वाद्यवृंद नसायचा, एकट्या पियानोवर सगळं. पोरगी उडी घेते तिथे तुझा हात वर, ती उतरते तिथे खाली. ती लवकर उतरली तर तुलाच सावरून घ्यावं लागायचं. त्या रात्री तू बोर्याना स्तोयानोवाबद्दल सांगितलंस, आणि मी बॅग पलंगाखाली सरकवली. सरकवली फक्त. रिकामी केली नव्हती.

१९८३ चा ऑक्टोबर, बुडापेस्ट, जागतिक स्पर्धा. बोर्याना १४ वर्षांची. त्या स्पर्धेची सर्वांगीण विजेती सोव्हिएत संघाची नताल्या युर्चेन्को. पाठमोरं स्प्रिंगबोर्डवर येऊन मागे झेपावण्याची तिची उडी आजही तिच्याच नावाने ओळखली जाते, आपल्याकडच्या पोरीसुद्धा 'युर्चेन्को' शिकतात. व्हॉल्टच्या फायनलमध्ये त्याच उडीत तिचा गुडघा गेला. सोनं बोर्यानाला मिळालं. बल्गेरियाच्या मुलींचं या खेळातलं ते पहिलं जागतिक सुवर्ण. युर्चेन्को पडली नसती तर, असं मी विचारलं तेव्हा तू खांदे उडवलेस. "ती पडली हे खरं. आणि बोर्याना उभी राहिली हेही खरंच ना?"

पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक. ८ मे १९८४ ला सोव्हिएत संघाने बहिष्कार जाहीर केला, दुसऱ्या दिवशी बल्गेरियाने. कम्युनिस्ट गोटातला रुमानिया मात्र गेला. व्हॉल्टचं सोनं एकातेरिना साबोला, कांस्य लाविनिया आगाकेला. बुडापेस्टला बोर्यानाच्या मागे उभ्या होत्या त्याच दोघी. मधलं रौप्य अमेरिकेच्या मेरी लू रेटनचं. ही तिन्ही नावं तू बोटांवर मोजलीस आणि चौथं बोट तसंच उभं ठेवलंस.

मी तुला पी. टी. उषाचं सांगितलं. तेच ऑलिंपिक, सेकंदाचा शंभरावा भाग, आणि चाळीस वर्षं झाली तरी आमची आजी अजून हळहळते. तू थोडा वेळ विचार करून म्हणालीस, "ती पळाली तरी."

बहिष्काराच्या दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये काय झालं, हे विचारायचा मला मोह झालाच. मला वाटलं होतं, कुणीतरी रडलं असेल, भाषण झालं असेल. तू म्हणालीस, "पाच वाजता मी पियानो उघडला. पोरींनी वॉर्म-अप केला. अजून काय होणार?"

१९८८ ला बोर्याना सोल ऑलिंपिकला गेली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. संघ पाचवा आला, तिला पदक नाही मिळालं. फ्लोअरचं कांस्य दियाना दुदेवाने आणलं, या खेळात बल्गेरियन मुलींचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. लोक बोर्यानाचं बुडापेस्ट आठवतात, तुला मात्र सोल जास्त आवडतं. ते ऐकल्यावर मला तो म्हातारपणाचा हेकटपणा वाटला होता. मग तू मला जुन्या उड्या दाखवल्यास, उडीत हात टेकायच्या तेव्हाच्या त्या अरुंद घोड्यावरच्या, आजच्यासारखं रुंद टेबल २००१ मध्ये आलं. त्या घोड्यावर परत परत हात टेकायला जाणं म्हणजे काय, हे माझ्या गुडघ्याला तरी समजलं.

दुसऱ्या दिवसापासून तू मला शिकवायला घेतलंस. ॲनाटॉमीचा तुला गंध नाही असं तू म्हणतेस, पण चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या पोरीचं काय दुखावलं होतं हे तुला पाठ आहे. व्हॉल्ट सगळा मिळून पाच सेकंदांचा. आपण तो स्वयंपाकघरात चिरून चिरून अख्खा उन्हाळा पुरवला. धाव: मांडी वर कोण उचलतं? इलिओसोआस. स्प्रिंगबोर्ड: पोटरीत कोण? गॅस्ट्रोक्नेमियस, त्याच्या खाली सोलियस. घोड्यावर हात टेकून ढकलताना खांद्याचं पातं बरगड्यांना कोण चिकटवून ठेवतं? सेरेटस अँटीरियर, नर्व्ह लाँग थोरॅसिक, मुळं सी पाच, सहा, सात. उत्तर चुकलं की तू ताल मोजणारा मेट्रोनोम बंद करायचीस आणि मी परत धावेपासून सुरू करायचे. तुझ्यापुढे माझा लॅटिन ॲटलास, हातात चष्मा, आणि शब्द वाचता आला नाही तरी मी अडखळले हे तुला आवाजावरून कळायचं.

लँडिंगपाशी आपण आठवडाभर थांबलो. नडगीचं हाड पुढे घसरू न देणारं लिगामेंट कुठलं, आणि त्याला मागून आधार देणारे हॅमस्ट्रिंग कसे, हे मी सांगत होते आणि सांगता सांगता माझाच अपघात मला कळला. चार वर्षं मला वाटत होतं, मी घाबरले म्हणून पडले.

आणि ३ ऑगस्टची संध्याकाळ. पॅरिस, महिला व्हॉल्टची फायनल. आठ जणींत सतरा वर्षांची व्हालेंतिना गेओर्गिएवा. बाहेर प्लोवदिवचा डांबर वितळवणारा उन्हाळा, आत तुझा टीव्ही, पडदे ओढलेले. याच शहराने दोन मोठे जिम्नॅस्ट दिले, म्हणून तू पुन्हा एकदा स्तोयान देल्चेवचं मॉस्को १९८० चं हॉरिझाँटल बारचं सोनं आणि योर्दान योव्हचेव्हचं अथेन्सला रिंग्सवर ०.०१२ ने गेलेलं सोनं ऐकवलंस. योव्हचेव्हच्या बाबतीत तू अजून परीक्षकांना शिव्या देतेस, त्यातल्या निम्म्या मला त्याच दिवशी समजल्या. सहा ऑलिंपिक खेळलेला माणूस, लंडनला वयाच्या ३९ व्या वर्षी रिंग्सच्या फायनलमध्ये. पुरुषांची पदकं तरी लोक लक्षात ठेवतात, असं पुटपुटलीस.

व्हालेंतिना धावायला लागली तेव्हा तुझी बोटं टेबलावर पियानो वाजवत होती. ती उतरली, आणि तू मान आडवी हलवायला लागलीस. माझं काळीज बसलं. फायनल संपेपर्यंत मला वाटत होतं की तिचं काहीतरी चुकलंय. वर्षभर इथे राहूनही विसरले होते, बल्गेरियात आडवी मान म्हणजे 'हो'. हो, हो, हो, असं म्हणत होतीस तू.

सोनं सिमोन बाइल्स, रौप्य रेबेका आंद्रादे, कांस्य जेड केरी. व्हालेंतिनाला पदक नाही. तू टीव्ही बंद केलास, पडदा उघडलास आणि म्हणालीस, "उद्या फिमोरल ट्रँगल."

सप्टेंबरच्या फेरपरीक्षेला चिठ्ठी उचलली तर काय निघालं? यकृत. गुडघा नाही, खांदा नाही, व्हॉल्टशी ज्याचा दुरान्वयानेही संबंध नाही असं यकृत. तरी ४ मिळाले. तू चुश्कोपेकमध्ये, तुमच्या त्या विजेच्या भट्टीत, मिरच्या भाजत होतीस, जिन्यापर्यंत तो वास, डोळे मिटले तर अगदी आमच्याकडे भरताचं वांगं भाजतात तसा. निकाल ऐकून तू मला मिठी मारलीस आणि लगेच चिडलीसही: "गुडघा का नाही विचारला? त्या प्रोफेसरला खेळातलं काही कळत नाही."

आता मी हॉस्पिटलजवळ राहायला गेले. ऑर्थोपेडिक्सच्या पोस्टिंगला परवा एक दहा-अकरा वर्षांची पोरगी आली होती, गुडघ्याला बर्फ बांधलेला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पळताना की उतरताना?" ती रडायची थांबून माझ्याकडे बघायलाच लागली. म्हणून हे पत्र आजच लिहिलं, नाहीतर राहूनच गेलं असतं.

बाबा, मेर्सी. ब्लागोदार्या. आणि आमच्याकडे जे म्हणायला लाजतात ते: तुझे उपकार आहेत गं.

शनिवारी येते, हे वाचून दाखवायला. मेट्रोनोम माझ्याकडेच राहिलाय, तो आणते. मिरच्यांच्या त्या चटणीच्या, लुतेनित्साच्या, दोन बरण्या माझ्यासाठी ठेव, आणि मी येईपर्यंत मिरच्या एकटीने सोलायला बसू नकोस, तुझ्या अंगठ्याचा सांधा सुजलाय हे मी मागच्या वेळी पाहिलंय.

तुझी वरच्या खोलीतली भाडेकरू