देवाचे उचलणे

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या एका लेखात उकडीच्या मोदकात चॉकलेट भरण्याला 'सॅक्रिलेज', म्हणजे पवित्र गोष्टीची विटंबना, म्हटले आहे. मोदकात काय भरावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण हा शब्द इतका स्वस्त होऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

हा शब्द मुळात चोरीचा आहे. लॅटिनमध्ये 'साकेर' म्हणजे देवाला वाहिलेले आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणे, उचलणे. देवळातली वस्तू जो उचलून नेई तो 'साक्रिलेगुस'. आपण भुरट्या चोराला उचल्या म्हणतो ना, तसा हा देवळातला उचल्या. पुढे अर्थ पसरत गेला, पवित्र गोष्टीचा कुठलाही अपमान त्यात आला आणि चोरी मागे पडली. पुष्कळांना तो 'रिलिजन'वरून आला असे वाटते, म्हणून 'सॅक्रिलिजस' या त्याच्या विशेषणाचे स्पेलिंगही हटकून चुकते.

सिसिलीचा रोमन सुभेदार व्हेरेस याने तिथली देवळे लुटली आणि इ. स. पूर्व 70 मध्ये रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने त्याच्यावर खटला चालवला. त्याच्या भाषणांत सिसिलीतल्याच अॅग्रिजेंटम गावच्या हर्क्युलिस देवाची हकिगत आहे. भक्तांनी चुंबने घेऊन घेऊन त्या कांस्यमूर्तीचे ओठ आणि हनुवटी झिजली होती. व्हेरेसची माणसे रात्री ती उपटायला आली, तेव्हा गावात बोभाटा झाला, म्हातारेकोतारेसुद्धा उठून धावले आणि दगड मारून त्यांनी चोरांना पिटाळले.

आपल्याकडे दिवेआगरला तसे झाले नाही. 1997 साली सुपारीच्या बागेत सापडलेला तो सुवर्णगणेश मार्च 2012 मध्ये दरोडेखोरांनी नेला, दोन पहारेकऱ्यांचे जीव घेतले आणि मूर्ती वितळवली. अशा वेळी आपण बोलतो ते सोन्याच्या वजनाबद्दल. खरे तर देवाच्या मालकीच्या वस्तूला 'देवस्व' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, तो पुस्तकातच राहिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये प्रार्थनास्थळातील मूर्तीच्या चोरीचा वेगळा उल्लेख आहे, सात वर्षांपर्यंत कैद आहे. मला ते वाचून बरे वाटले.

माझे माहेर गुरवाचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. शिमग्याला पालखीत देवीची रुपे लावतात, म्हणजे चांदीचे मुखवटे. वर्षभर ती मानकऱ्याच्या घरी पेटीत असतात. मी सातवीत असताना पेटी उघडली तर कुलूप तुटलेले आणि तीनांतले एक रूप नाही. तीन देवींतल्या धाकटीचे होते ते. वडील दरसाल रिठ्याच्या पाण्याने ती धूत, मी पाणी घालायला बसत असे. धाकटीच्या नाकाचा शेंडा पिढ्यान्पिढ्यांच्या बोटांनी अगदी सपाट झाला होता, तिथे कुंकू ठरत नसे.

पोलीस पंचनाम्याला आले. हवालदाराने वर्णन लिहून घेतले, वजन पाव किलो लिहिले आणि विचारले, "किंमत किती लावू?" वडील गप्प. त्याने पुन्हा विचारले. माणूस वाईट नव्हता, त्याला रकाना भरायचा होता. वडील म्हणाले, "देवी हाय ती साहेब." शेवटी मानकऱ्यांनी चांदीचा भाव सांगितला आणि कागद पुरा झाला. वडिलांना जे सांगायचे होते त्याला त्या कागदावर जागा नव्हती. पुष्कळ वर्षांनी कोशात 'सॅक्रिलेज' या शब्दाची फोड वाचली, तेव्हा मला ते दुपारचे अंगण आठवले.

रूप सापडले नाही. पालखी काढावी की नाही यावर गावाची बैठक रात्रभर चालली. अखेर काढली. गाऱ्हाणे घालताना वडिलांचा आवाज दोनदा अडला. धाकटीच्या जागी त्यांनी नारळ ठेवून त्याला हिरवे खण गुंडाळले होते. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या जागेवर, बसली तेव्हा बायकांनी थोरल्या दोघींची ओटी भरली आणि मग त्या नारळाचीही भरली, एकीनेही चुकवली नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण