माळढोक आणि 'शिकारी (माजी)'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला माळढोकावरचा लेख वाचला. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा असेल, नाही म्हणत नाही. पण पक्षी संपत आल्याचं सगळं खापर 'स्थानिक शिकाऱ्यां'वर फोडून ते मोकळे झाले, हे काही पटलं नाही. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय.

शिकार झालीच नाही असं कोण म्हणतंय? झाली, आणि भरपूर झाली. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात नगरच्या आसपास ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्याने. लेखात या साहेबाला एक ओळही मिळालेली नाही, फासेपारध्यांना मात्र अख्खा परिच्छेद! बरं, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, माळढोक त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत गेला. १९७९ मध्ये आपल्या सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. शिकारी हाच एक शत्रू होता, तर त्यानंतर पक्षी वाढायला हवा होता. आज नान्नजला माळढोक दिसला की बातमी होते. देशभरच्या मोकळ्या रानात मिळून दीडशेसुद्धा राहिले नाहीत म्हणतात, तेही बहुतेक जैसलमेरकडे. मग ही पन्नास वर्षं पक्षी कोण मारत होतं?

आमच्या शिवारात एक पारधी म्हातारबाबा यायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तितर, लावा, ससा यांचे फासे लावण्यात उभं आयुष्य गेलेलं. बैलाच्या आडोशाने चालत पाखराच्या किती जवळ जाता येतं, हे त्यांनी मला लहानपणी करून दाखवलं होतं. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात माळढोक संवर्धनाची बैठक होती. गावकऱ्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मी तात्यांना आग्रहाने घेऊन गेलो. पडद्यावर नकाशे दाखवून झाले, किती हेक्टरवर काय लावणार ते सांगून झालं. तेव्हा तात्या उठले (माळढोकाला ते 'हूम' म्हणायचे) आणि म्हणाले, "सायेब, झाडं नका लावू. हूम उघड्यावरचं पाखरू हाय. मान वर केली की चारी बाजूंनी दिसलं पायजे त्याला. झाड हुबं केलं की कावळा बसतो, आन् कावळ्याला अंडं दिसतंय. हूम वरसाला एकच अंडं घालतंय, ते गेलं की वरीस गेलं." पुढे म्हणाले, "आमच्या आज्यानं धरलंय हूम, खोटं कशाला बोलू."

एवढ्या नेमक्या बोलण्यावर पुढच्या खुर्चीतल्या साहेबांनी विचारलं काय, तर "बाबा, तुमच्यावर केसेस किती?" सगळे हसले. नंतर हजेरीचा कागद फिरला. तात्यांनी अंगठा उठवला आणि शेजारच्या 'पद' या रकान्यात कारकुनाने स्वच्छ अक्षरात लिहिलं: शिकारी (माजी). तात्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?" म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "पाहुणे."

पुढच्याच पावसाळ्यात आमच्या माळावर खड्डे पडले. गिरिपुष्पाची रोपं आली, फलक लागला, फोटो निघाले. कुसळी गवताचा माळ म्हणजे आपल्याकडे सगळ्यांच्याच लेखी पडीक जमीन, तिथे झाड लावलं की पुण्य. सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावून मग तीच तोडायला नव्याने पैसे काढायचे, हेही या जिल्ह्यानं पाहिलंय. लेखात यावर अवाक्षर नाही.

आम्ही शेतकरी धुतल्या तांदळासारखे आहोत असं नाही. उजनीचं पाणी आलं तसा मोहोळ-माढ्याकडे ऊस आला. नान्नजच्या सोनाका द्राक्षांचं कौतुक सगळा महाराष्ट्र करतो, मीही करतो. पण जिथे हुलगा, मटकी, भुईमूग होता, नाकतोडे होते, तिथे आता तारा आणि फवारणी आहे. त्यात मोकाट कुत्री. आणि विजेच्या तारा: हा पक्षी जड, त्याला समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळ राहत नाही. राजस्थान-गुजरातच्या तारांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्याकडे मात्र सोपा आरोपी हाताशी आहे ना, माळावर पाल टाकून राहणारा!

अभयारण्याचं तर बोलायलाच नको. ८,४९६ चौरस किलोमीटर! गावं, रस्ते, रेल्वे, सगळं आत. पक्ष्याला लागतो माळ, आणि यांनी नकाशावर जिल्ह्यांवरच रेघ ओढली. लोकांच्या जमिनीचे व्यवहार अडकले आणि ज्या पाखराचं कुणाला काही वावडं नव्हतं, त्याचं नाव काढलं की लोक शिव्या द्यायला लागले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर लोकांचं मन उडालं होतं. जैसलमेरला २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं, आनंद आहे. उद्या तशी पिल्लं आपल्याला दिली, तर ती सोडणार कुठे? द्राक्षबागेत?

अकोला-वाशिमकडे फासेपारधी मंडळी स्वतः गवताची रानं राखतायत, तणमोरासाठी, म्हणजे माळढोकाच्याच कुळातल्या लहान पक्ष्यासाठी. ज्याला पाखरू कुठे बसतं, कधी उठतं, कशाला बिचकतं हे ठाऊक आहे, त्याला राखणीला घ्यायचं, हे तिथे जमतं आणि सोलापुरात का जमत नाही, हे आपल्या लेखकांनी जाऊन विचारावं. त्यासाठी पुण्यातून दिल्लीला फोन लावायची गरज नाही. (आणि लेखासोबत छापलाय तो पक्षी माळढोक नव्हे. आपल्या माळढोकाच्या डोक्यावर काळी टोपी असते. फोटोतला कुठला परदेशी पाहुणा आहे, देव जाणे.)

एक विनंती. हे पत्र छापणार असाल तर तात्यांचं बोलणं कापू नका. रानडुकरांच्या नुकसानभरपाईवरच्या माझ्या मागच्या पत्रातून नेमका तक्रारीचा भाग आपण गाळलात, आणि उरलं ते वाचून लोकांना वाटलं की मी वनखात्याचे आभार मानतोय. भरपाई अजून मिळालेली नाही.

आपला,
एक जुना वाचक,
उत्तर सोलापूर तालुका