हिंदमातातल्या त्या दोन मुलींचे आभार

दादरला हिंदमाताच्या कापडबाजारात अस्तर घेत होते. शेजारी फॅशनचा कोर्स करणाऱ्या दोन मुली. बोलता बोलता कन्सील चेनचा (बाहेरून न दिसणाऱ्या झिपचा) विषय निघाला आणि त्यांनी काउंटरवरच रीत दाखवली: चेनचे दात आधी कोमट इस्त्रीने उलगडायचे, मग दाताला अगदी चिकटून टीप मारायची, चेनखालची शिलाई सगळ्यात शेवटी. मी आजवर शिलाई आधी घालत आले. ही रीत सरस आहे, कबूल! होजिअरीला (ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाला) गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई लावा, ती धागा न तोडता धाग्यांमधून सरकते, हेही त्यांचंच. (दुकानदार मात्र वैतागला होता.) वर म्हणतात, "काकू, कटोरी ब्लाउज शिकवाल?" (छातीशी वाटीसारखे तुकडे जोडून शिवतात तो.) बसच्या घाईत नावं विचारायची राहिली. पोरींनो, मनापासून आभार. पुन्हा भेटलात तर कटोरीचं कटिंग नक्की दाखवते, अस्तरासकट.