मिस्त्रीकाका, 'ही गाडी नको' म्हणालात त्याबद्दल

ती. मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे इथली जुन्या मोटरसायकलींच्या नादाची आम्ही मंडळी तुम्हाला हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. गाडी बनवून देणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पण व्यवहार होण्याआधी सोबत येऊन, गाडी उघडून, ती का घ्यायची नाही हे दाखवणारे तुम्हीच. खरं तर तीच गाडी पुढे तुमच्याकडे कामाला आली असती. तरीही तुम्ही नको म्हणालात, आणि त्यात आमचे पैसे वाचले.

तुमची सुरुवात कायम कागदापासून. टाकीचा रंग बघायच्या आधी आरसी बुक हातात. १९८९ च्या आसपास एमएच नंबर आले, त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरांचा जुना नंबर असतो आणि बऱ्याचदा त्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. अशा वेळी मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. म्हणून तुम्ही विकणाऱ्याला सांगता, आधी नोंद चढव, मग भाव बोलू. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर. ते थकलं असेल तर दंड कुणी भरायचा हे सौद्यातच ठरलं पाहिजे. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) सही आरसीवर नाव असलेल्या मालकाचीच हवी, मधल्या दलालाची चालत नाही. मालक हयात नसेल तर वारसांनी आधी फॉर्म ३१ वर गाडी आपल्या नावे करून घ्यायची. आणि आरसीवर जुन्या फायनान्स कंपनीचा बोजा असेल, कंपनी बंद पडली असेल, तर गाडी कितीही देखणी असो, तुम्ही तिथूनच परत फिरायला लावता.

चेसिस नंबर बघायची तुमची रीत आम्ही आता जशीच्या तशी उचलली आहे. हँडलखालच्या नळीवरची माती रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, खडू घासायचा आणि टॉर्च आडवा धरायचा. आकडे एका रेषेत, एका खोलीचे दिसले पाहिजेत. आजूबाजूला ग्राइंडरच्या बारीक रेघा, किंवा पत्रा तेवढ्याच जागी खोलगट, म्हणजे नंबर पुन्हा मारलेला. यामाहा आरएक्स १०० चा नंबर '१एल१' नं सुरू होतो, तो आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवायचा.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइल जाळणाऱ्या, इंजिनाबद्दल जे शिकवलंत ते तर सोनं आहे. विकणारा आपण पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवतो, म्हणून पहिला हात ब्लॉकला (सिलिंडरला). गरम लागला तर चहा घेऊन या, गार झाल्यावर किक मारू. सुरू झाली की थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली बसला पाहिजे. वरच घुटमळत राहिला तर मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीचं सील, हवा ओढतंय असा संशय घ्यायचा. अशी हवा शिरली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि एक दिवस पिस्टन सीझ, म्हणजे जाम, होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल क्रँकमध्ये खेचलं जातं: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. दोन्ही सीलं स्वस्त, पण बदलायला मेहनत लागते, म्हणून मजुरी आधीच किमतीतून वजा करायची.

मग मालकाची परवानगी घेऊन हेडचे (सिलिंडरच्या झाकणाचे) चार नट उघडायचे. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन लाकडी पट्टीनं खरवडला की आकडा दिसतो: २५, ५०, ७५ किंवा १००. म्हणजे ब्लॉकचं भोक पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर वाढवून झालेलं आहे. १०० दिसला तर भोक आणखी वाढवायचं नाही, आत नवी नळी (स्लीव्ह) घालायची. ब्लॉक उघडा असताना पिस्टन मधोमध आणून, वर बोट ठेवून, मॅग्नेटचा नट पान्यानं हलकेच मागे-पुढे करायचा. मॅग्नेट हलला आणि बोटाखालचा पिस्टन जागचा हलला नाही, तर कनेक्टिंग रॉड गेलेला. आडवी थोडी हालचाल चालते, वर-खाली अजिबात नाही.

आरएक्स १०० आणि १३५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकच, ५० मिलिमीटर. बोअर (भोकाचा व्यास) मात्र १०० ला ५० आणि १३५ ला ५८. त्यामुळे १०० वर १३५ चा ब्लॉक सर्रास बसवलेला असतो. पळते छान, पण आरसीवर ९८ सीसीच राहतं. आणि ऑइल पंप बंद करून ठेवलाय का, हे विचारायचंच. पंप बंद असेल तर दर लिटर पेट्रोलला २५ ते ३० मिली टू-स्ट्रोक ऑइल स्वतः मिसळायचं. नव्या मालकाला कुणी सांगितलं नाही, तर साध्या पेट्रोलवर इंजिन लगेच सीझ होतं.

बुलेटबद्दल तुम्ही थोडक्यात सांगता: टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज जुळवून घालवता येतो, खालून भार पडल्यावर येणारी ठकठक म्हणजे बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक) गेलेलं, मोठा खर्च. येझदीत गिअर सुटतो का ते चढावर बघायचं. त्यासाठी घोडबंदर रोडचा गायमुख घाट पुरेसा आहे.

आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे गंज आतून खातो. टाकीत टॉर्च मारायचा, पेट्रोल कॉकभोवती रंगाचे फुगे बघायचे, तळाला एम-सील लावलंय का ते नखानं चाचपायचं. स्विंग आर्म (मागचं चाक धरणारी दांडी) आणि मडगार्डखालच्या नळ्यांवर पेचकसाच्या मुठीनं ठोकायचं, भद्द आवाज आला की आतून कुजलेली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणी धरून ठेवतं. म्हणून कार्बोरेटरची ओ-रिंग, निडल-सीट, पेट्रोल पाइप हे सगळं विटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) किंवा इथेनॉलला चालेल असं घ्यायचं. हा खर्च पहिल्याच दिवशी धरायचा, हे तुमचंच सांगणं.

जुनी गाडी कापून-बदलून कॅफे रेसर, बॉबर अशा कस्टम धाटणीची करायला निघालेल्या पोरांना तुम्ही जे समजावता त्याबद्दल विशेष आभार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलात फेरफार चालत नाही, आणि फ्रेम कापली तर पासिंगला अडकते. म्हणून कस्टमसाठी गाडी अशी निवडायची जिचे कागद चोख, इंजिन धड, पण सीट, टाकी, पॅनेल आधीच गेलेली. सगळे मूळ भाग शाबूत असलेली गाडी कापायची नाही. आरएक्सचा पिस्टन, रिंग, क्लच प्लेट आजही मिळतात. मूळ साईड पॅनेल, मीटर, टाकीचा बॅज मिळत नाहीत. हे तुम्ही इतक्या तळमळीनं सांगता, की निम्म्या पोरांनी बेत बदलून गाडी मूळ रूपातच उभी केली.

पन्नास वर्षांपुढच्या जावा-बुलेटसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' येतं. पण ती गाडी रोज कामावर नेता येत नाही, हेही तुम्ही आधीच बजावता.

पुढच्या रविवारी रबाळ्याला एक येझदी रोडकिंग बघायची आहे. खडू, टॉर्च, पाने, हेडचं नवं गॅस्केट आणि कोरे फॉर्म आम्ही आणतो. तुम्ही फक्त या.

आपली,
ठाणे-नवी मुंबईची जुन्या गाड्यांची मंडळी