गिरगावातील मनोऱ्यांनी रस्त्याकडे पाठ फिरवू नये

महोदय,

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो 3 कफ परेडपर्यंत धावू लागल्यापासून गिरगाव आणि काळबादेवीकडे बांधकाम व्यावसायिकांचे लक्ष नव्याने वळले असून, जुन्या वाड्यांच्या जागी होणाऱ्या आलिशान सदनिकांच्या जाहिरातींत मेट्रो स्थानकाचे अंतर ठळकपणे छापले जात आहे. या मनोऱ्यांना माझा सरसकट विरोध नाही. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारतींचा पुनर्विकास विक्रीच्या सदनिकांतून येणाऱ्या पैशावरच चालतो, त्यामुळे टेकू दिलेल्या चाळीत जीव मुठीत धरून राहणाऱ्या भाडेकरूला पक्के घर मिळायचे, तर कुणीतरी महागडे घर विकत घेणे भागच आहे. मात्र हे मनोरे कुठे आणि कसे उभे राहावेत, याचा विचार परवानगी देतानाच झाला पाहिजे.

माझा मुख्य आक्षेप पोडियमला, म्हणजे मनोऱ्याखालच्या पार्किंगच्या मजल्यांना आहे. नियमानुसार द्यावे लागणारे पार्किंग चटईक्षेत्रात, म्हणजे भूखंडावर मंजूर होणाऱ्या बांधकामाच्या मर्यादेत, धरले जात नसल्याने खालचे कित्येक मजले गाड्यांसाठी बांधायचे आणि घरे त्यांच्यावर सुरू करायची, अशी पद्धतच पडली आहे. त्यातून वरच्या रहिवाशाला समुद्र दिसतो, पण रस्त्याने जाणाऱ्याच्या वाट्याला जाळ्या बसवलेली उंच भिंत येते. जिथे पूजासाहित्याचे, फराळाचे किंवा शिंप्याचे दुकान होते, तिथे सुरक्षारक्षकाची केबिन आणि आडवा दांडा येतो. गाड्यांच्या उतारासाठी पदपथ कापला जातो आणि भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या आजींना तेवढ्या अंतरापुरते खाली उतरून बसच्या बाजूने चालावे लागते. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या भुयारी स्थानकाशेजारी एकेका सदनिकेला तीन-तीन गाड्यांची जागा देणे कोणत्या नियोजनात बसते?

याचे परिणाम आपण गिरणगावात पाहिले आहेत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला देण्याची तरतूद केली होती. 2001 च्या दुरुस्तीने ती वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती वैध ठरवली. परिणामी लोअर परळला प्रत्येक गिरणीच्या कुंपणाआड स्वतंत्र संकुल उभे राहिले, पण त्यांना जोडणारे नवे रस्ते, रुंद पदपथ आणि पुरेशी मैदाने झाली नाहीत. कामावर येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली आणि स्थानकांचे जिने मात्र जुनेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेली चेंगराचेंगरी मुंबईकर विसरलेले नाहीत. गिरगावात तर गिरण्यांसारख्या विस्तीर्ण जमिनीही नाहीत, म्हणून इथे चूक सुधारायला वाव त्याहून कमी आहे.

उंच इमारती महर्षी कर्वे मार्ग किंवा जगन्नाथ शंकरशेट मार्गासारख्या मोठ्या रस्त्यांलगत, स्थानकांच्या जवळ व्हाव्यात. मुगभाट किंवा खोताच्या वाडीसारख्या अरुंद गल्ल्यांत, छोट्या भूखंडांवर, सामासिक अंतरात (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) सवलती घेऊन मनोरे चढवणे थांबले पाहिजे, कारण अशा ठिकाणी अग्निशमन दलाची शिडीची गाडी वळवायलाही जागा नसते. खोताच्या वाडीतील लाकडी जिन्यांची आणि व्हरांड्यांची घरे तर दुरुस्त करून जपण्याचीच आहेत. जिथे आठ-दहा जुन्या इमारती एकमेकींना खेटून आहेत, तिथे मालक-भाडेकरूंचे जमवून घ्यायला वेळ लागला तरी त्या सगळ्यांचा एकत्रित, म्हणजे समूह पुनर्विकासच हवा, म्हणजे निदान एक मैदान आणि एक सरळ रस्ता तरी निघेल.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. विक्रीची इमारत दर्शनी बाजूला आणि मूळ रहिवाशांची इमारत मागे, अनेकदा वेगळ्या फाटकाची, अशी आखणी सर्रास होते. ज्यांच्या संमतीपत्रांवर प्रकल्प उभा राहतो, त्यांनाच मागच्या गल्लीतून ये-जा करायला लावणे अन्यायाचे आहे.

महापालिकेने गिरगाव-काळबादेवी ज्यांत येतात त्या ‘सी’ आणि ‘डी’ विभागांत यापुढे परवानगी देताना मुख्य रस्त्यालगतच्या तळमजल्यावर दुकाने सक्तीची करावीत व त्यांत जुन्या गाळेधारकांना प्राधान्य द्यावे, दर्शनी बाजूस पार्किंगचे मजले बांधू देऊ नयेत आणि मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात गाड्यांच्या संख्येवर कमाल मर्यादा घालावी, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई