किती वाजता पोचशील, हे विचारू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, उतरताना आमच्या छोट्या विमानाला अपघात झाला हे ऐकून फोनवर तू रडायला लागलीस आणि मला "बरी आहे" यापलीकडे काही बोलता आलं नाही. मी खरंच बरी आहे. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठलेत, एवढंच. विमान चालवणारा माझा मित्रही सुखरूप आहे. विमान थांबताच त्याने इंधनाचा कॉक, इग्निशन आणि मास्टर स्विच बंद केला, आम्ही पट्टे सोडून बाहेर पडलो आणि लांब जाऊन उभे राहिलो.

बाबा, तुम्ही विचारलंत, इंजिन बंद पडलं का? नाही, इंजिन उत्तम चालू होतं. वारा थोडा आडवा झाला होता आणि उतरताना वेग जरा जास्त राहिला. आमच्यासारखी हलकी विमानं माणसं-इंधन धरून साधारण ६०० किलोंपर्यंतची. वेग १० टक्के जास्त असला की जिरवायची ऊर्जा २१ टक्के वाढते, हे तुम्हाला सांगायला नको. असं विमान जमिनीलगत आलं तरी टेकत नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं. पट्टी संपत चाललेली दिसते आणि हात आपोआप विमानाचं नाक खाली करणारा दांडा पुढे ढकलतो. तेच झालं. चाकं आपटली, विमान उसळलं. उसळल्यावर नाक खाली दाबलं, तर पुढचं चाक आधी टेकलं आणि दुसरी उसळी आणखी उंच गेली. हात प्रत्येक वेळी क्षणभर उशिराच पोचतो, म्हणून उसळ्या वाढत जातात. उतरण्याचा भार मागच्या दोन चाकांनी घ्यायचा असतो, नाकाचा पाय त्यासाठी बनवलेलाच नसतो. तिसऱ्यांदा तो मोडला, प्रोपेलरची पाती जमिनीला लागून तुटली आणि आम्ही घसरत जाऊन थांबलो.

पहिल्याच उसळीला पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर, देऊन पुन्हा वर जायचं आणि एक फेरी मारून नव्याने उतरायचं, याला गो-अराउंड म्हणतात. माझा मित्र हे उत्तम जाणतो, नवख्यांना समजावूनही सांगतो. मग केलं का नाही? रात्री तो स्वतःच म्हणाला, "घरी सहाची वेळ दिली होती. सगळे तयार होऊन बसले होते. डोक्यात सारखं घड्याळ चालू होतं." मला त्याचा राग येत नाही. तो काळजीपूर्वक उडवणारा माणूस आहे, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. पोचायच्या ओढीने चांगले वैमानिकही बिघडलेलं लँडिंग रेटत नेतात. आम्हाला शिकवताना या धोक्याबद्दल बजावलेलं असतं, पण शेजारी बसून तो पाहणं वेगळं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मी उडणार असेन त्या दिवशी "किती वाजता पोचशील?" असं विचारू नका. माझ्यासाठी जेवायचे थांबू नका. आई, तुझ्या विचारण्यात माया असते हे मला कळतं, पण तीच माया खाली उतरताना मनावर घाई होऊन बसते. मीही वेळ सांगणार नाही. विमान हँगरमध्ये लावलं की मेसेज करेन. उशीर झाला तर समजा, लेक आणखी एक फेरी मारतेय किंवा दुसऱ्या धावपट्टीवर उतरून वारा पडायची वाट बघतेय. तो उशीर चांगला असतो.

बाबा, तुम्ही म्हणालात ते पॅराशूट काही छोट्या विमानांना असतं, अख्खं विमान त्याला लटकून खाली येतं. पण ते उघडायला उंची लागते. धावपट्टीच्या हातभर वर त्याचा काही उपयोग नाही. तिथे थ्रॉटल पुढे सारणारा हातच कामाचा.

"सोडून दे ते उडणं," असं आई म्हणालीस. ते माझ्याने होणार नाही, आणि तुला खोटं सांगून गप्प बसवणंही जमणार नाही. पुढच्या आठवड्यापासून इन्स्ट्रक्टरबरोबर फक्त गो-अराउंडचा सराव करणार आहे: लांब तरंगल्यावर, आडव्या वाऱ्यात, उसळी बसल्यावर. ते पुरेसं झालं म्हणेपर्यंत एकटी उडणार नाही. रविवारी फोन करते, तेव्हा दोघांनी मिळून जे विचारायचं ते सगळं विचारा.

तुमची लेक